टोप्या काढलेली माणसं

१६ एप्रिल १९५६, सोमवार

हो म्हणून बसलो! आता पस्तावून काय उपयोग?

भैयाजी सकाळीच दारात. दरवर्षी चांद्यात महाकालीच्या जत्रेत झरपट नदीच्या काठाला तंबू ठोकतो, सिनेमा दाखवतो. या वेळी नागपूरहून देवादिकांचा खेळ यायचा होता, तो आलाच नाही. डबे उघडले तर आत इंग्रजी सिनेमा! विलायतेतल्या गुंडांचा. "मास्तरजी, लुट गया मैं. आता तुमीच वाचवा. पडद्याजवळ उभं राहा, भोंग्यातून मराठीत सांगत जा — कोण काय बोलून राह्यलं, कोण कोणाले मारून राह्यलं."

मी म्हटलं, अहो, मी शाळेत कविता शिकवल्या. गुंडांशी माझा काय संबंध?

"इंग्रजी तं शिकवली ना?"

शिकवली. जन्मभर शिकवली. इंग्रजांच्या कवितांतली पिवळी फुलं, ओढे, मेंढरं, दव! मी कधी डोळ्यांनी न पाहिलेलं सगळं चांद्याच्या पोरांना घोकायला लावलं. बायको, अन्नपूर्णा, म्हणायची, "तुमी विलायतेले एकदा जाऊनच या, मंग तरी घरात लक्ष लागीन." ती गेली. विलायत राहिली.

दुपारभर येरझाऱ्या. भोंगा म्हणे पत्र्याचा आहे. आवाज फाटणार.


१७ एप्रिल, मंगळवार

कसं लिहू!

ही विलायत? ही? पिवळी फुलं कुठेत? ओल्या, काळ्या गल्ल्या. भिंतींवर काजळी. दोऱ्यांवर वाळत घातलेले फाटके कपडे, आणि दाराच्या पायरीवर बसून बटाटे सोलणारी बाई — हुबेहूब बल्लारपूरच्या कोळसाखाणीतल्या मजुरांची लाईन! साहेबाच्या देशातही गरीब असतात, हे मला पासष्टाव्या वर्षी कळावं? ज्यांनी आम्हाला काठी धरून शिस्त शिकवली, त्यांच्या गल्लीत त्यांचीच पोरं वस्तरे घेऊन एकमेकांच्या मागे लागतात. आणि हे ते स्वतःच सिनेमा काढून दाखवतात! लाज नाही, झाकपाक नाही. मला तेच फार आवडलं.

आणि तो! नाव जॅक की काय — लोकांनी त्याला पाच मिनिटांत "कोटवाला" करून टाकलं. लांब कोट, टोपी एका डोळ्यावर तिरपी. टोळीतल्यांनी दगा दिला, पोलीस मागे, सगळे दरवाजे बंद. तरी पठ्ठ्या आरशासमोर थांबतो आणि केस विंचरतो! काय ती ऐट. धुक्यातून चालत आला तेव्हा माझ्या तोंडून भोंग्यातून आपोआप भुजंगप्रयात निघाला — "निघाला असा चोर धुक्यातुनी तो!" तंबू गर्जला. एक म्हातारा ओरडला, "वा गुर्जी! पोथी लावली!"

पण शेवट — शेवट वाईट गेला. कोटवाला लपतछपत आईकडे येतो. आई चहा करते. मागच्या खोलीत पोलीस बसलेले — तिनेच बोलावलेले. तो हात वर करतो, आईकडे एकदा बघतो, चालू लागतो. मग तुरुंगाचा दरवाजा. बाहेर माणसं उभी. घंटा वाजते. सगळे टोप्या काढतात. आई एका बाजूला, हातांनी तोंड झाकून. संपलं. मी जसं होतं तसं सांगितलं — मायने धरून दिलं, त्याला फाशी झाली, ती घंटा फाशीची.

अरे बापरे! "मायनं? सख्ख्या मायनं धरून देल्लं?" लोक उठून उभे. मातीची ढेकळं पडद्यावर. पडद्याच्या मागच्या बाजूला, जिथे कमी पैशांत बसून सिनेमा उलटा बघतात, तिथूनही शिव्या! भैयाजीने डोक्याला हात लावला. "मास्तरजी, आखरी रील में कुछ मीठा बोलो. नाई तं माझा तंबू जाळतीन."


१८ एप्रिल, बुधवार

गोड बोललो.

सोपं निघालं फार. आईने पोलीस बोलावले नव्हते. तो आपल्या पायांनी हजर झाला. आपणहून आला म्हणून न्यायाधीशाने त्याला सोडलं. घंटा आनंदाची. पुढे बसलेल्या एकाने विचारलं, "मंग टोप्या काऊन काढल्या, गुर्जी?" भोंगा या हातातून त्या हातात घेतला. मग म्हटलं — विलायतेची रीत आहे. मोठ्या माणसाला सलाम करायचा तर टोपी काढतात.

हे तर खोटंही नाही! फक्त इथे लागू नाही.

टाळ्या. शिट्ट्या. भैयाजीने पेढा खिलवला. मला गोड लागला नाही.


१९ एप्रिल, गुरुवार

काल सुगंधाबाई खेळाला आली होती.

माझा दोन वेळचा स्वयंपाक तीच करते. अन्नपूर्णा गेल्यापासून या घरात बोलणारं माणूस तेवढंच. पण होळीपासून तीही गप्प. तिचा मुलगा लटारू लाकडाच्या डेपोत हमाली करत होता. धुळवडीला ठेकेदाराच्या मुनीमजीने त्याला आईवरून शिवी दिली आणि लटारूने हातातला कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. मुनीमजी दवाखान्यात पडून आहे. डोळे उघडतो, मिटतो; बोलत नाही. लटारू त्याच रात्री वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याकडे. पलीकडे हैदराबादचं राज्य, इथल्या फौजदाराची हद्द नदीपाशी संपते. तिकडच्या जंगलात जुना सोबती पत्रू गोंड याच्या गावाजवळ तो आहे, एवढं तिला माहीत. आणि मला.

आज भाकरी वाढताना एकदम म्हणाली, "मास्तर, कालचा तो कोटवाला. आपल्या पायानं गेला म्हणून सुटला?"

"हो."

"खरंच?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. "हो," म्हटलं.

का म्हटलं? कुणाच्या भीतीने? समोर भैयाजी नव्हता. ढेकळं नव्हती. सवय! भोंग्यात जे बोललो तेच घरात निघालं.


२० एप्रिल, शुक्रवार

झोप नाही. खाटेवर पडलो की ती गल्ली येते डोळ्यांपुढे — ओली, दिव्यांनी चकाकणारी.

मला त्या माणसाचं एवढं काय? स्वतःलाच विचारतो आहे. मी आयुष्यात कधी रांग मोडली नाही. हेडमास्तरांनी बस म्हटलं, बसलो. बेचाळीसमध्ये पोरं वर्ग सोडून गेली, मी रिकाम्या बाकांना कविता शिकवत राहिलो. तो कोटवाला चोर आहे, वस्तरेवाला आहे, त्याचं काही समर्थन नाही. पण त्याला शेवट ठाऊक असतो आणि तरी तो टोपी नीट करून चालत जातो. मंदाक्रांतेची ओळ जशी थांबत थांबत पण चुकत नाही — तसं त्याचं चालणं. आमच्या कवितांत शूर माणसं घोड्यावर असतात. हा पायी. ओल्या रस्त्यावर. खिशात आगपेटीची एक काडी शिल्लक.

चांद्याची पोरं आजपासून टोप्या तिरप्या घालायला लागली. तीही खादीच्या! हसू आलं.

मग सुगंधाबाई आठवली. हसू गेलं.


२१ एप्रिल, शनिवार

जे व्हायला नको ते होऊ घातलं आहे.

आज पत्रू बाजारात मोहाची फुलं घेऊन आला होता. थेट आमच्या मागच्या दारी. सुगंधाबाईला म्हणाला, "बाई, लटारूले ताप हाये. थंडी वाजून येते. पाला देल्ला, उतरत नाई."

तिने चूल विझवली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मास्तर, मी त्याले आणतो. ठाण्यात घेऊन जातो. आपल्या पायानं गेला तं सोडतीन. तुमीच सांगून राह्यले ना."

मी म्हटलं, "सुगंधाबाई, तो सिनेमा आहे."

"सिनेमात का खोटं दाखवतेत?"

सिनेमात नाही, बाई! सिनेमा खरंच दाखवतो. खोटा मी आहे. — हे सगळं मनात. तोंडातून काय निघालं? "विलायतेचे कायदे वेगळे."

"वेगळे कशाचे? आपले कायदे त्यायचेच तं होते." मग पत्रूकडे वळून, "त्याले सांग, मायनं बलावलं. आन् हे सांग का आधी हा खेळ पाहाचा हाये. जत्रेत कोण कोणाले ओळखते?"

पत्रूने माझ्याकडे पाहिलं. मी मोहाच्या फुलांकडे.


२२ एप्रिल, रविवार

दवाखान्यात जाऊन आलो. मुनीमजी तसाच. बायको वारा घालत होती. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

बाहेर फौजदार भेटले, माझे जुने विद्यार्थी. "गुरुजी, काय भोंगा लावता तुम्ही! आमच्या शिपायांनाही पाठ झाला खेळ." मी सहज वाटेल असं विचारलं — समजा आरोपी स्वतःहून आला तर?

"तर आमचा हेलपाटा वाचला." हसले. "बाकी मुनीमजीवर आहे सगळं. जगला तर काही वर्षं तुरुंग. गेला तर मग… तुम्हीच सांगा, तुमच्या कोटवाल्याचं काय झालं?"

"सुटला," मी म्हटलं.

"काय सांगता! विलायतेत?" आणि मोठ्याने हसत निघून गेले.


२३ एप्रिल, सोमवार

ठरलं. पत्रूचा निरोप आला, लटारू उद्या येतो. तो तंबूत आला की शेवट खरा सांगायचा. ढेकळं पडोत, तंबू जळो. भैयाजीला आजच सांगून टाकलं. तो पान चघळत म्हणाला, "एका दिवसानं का होते, मास्तरजी? लोकायले तुमचाच शेवट पाठ झाला. आता खरा सांगाल तं म्हणतीन का गुर्जी भांग पिऊन आले."

तरी सांगणार. तिचा विश्वास माझ्यावर आहे म्हणूनच सांगणार. पोरगा तिकडे तरी जिवंत आहे. नदीपलीकडे आहे. ताप उतरेल. मी तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या पाठवीन पत्रूबरोबर.

जेवण तसंच झाकून ठेवलं. अंगणात फिरतोय. एक ओळ जुळवायचा प्रयत्न केला — यमक सापडत नाही.


२५ एप्रिल, बुधवार

काल काय झालं ते आज लिहितो. काल लेखणी धरवली नाही.

संध्याकाळी तंबू गच्च. बायकांच्या बाजूला कनातीजवळ सुगंधाबाई, आणि तिच्या मांडीला टेकून घोंगडी पांघरलेला एक माणूस. जत्रेत कितीतरी आजारी माणसं देवीला येतात, कुणी पाहिलंही नाही. पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडला तेव्हा ओळखलं. गालफडं बसलेली. डोळे मात्र तेच — लहानपणी माझ्या ओसरीवर पाढे म्हणताना मांजर दिसली की पळायचे ते.

खेळभर काय बोललो आठवत नाही. कोटवाला धावला, लपला, केस विंचरून हसला. लोक माझ्या आधी बोलत होते. "आता धोका देते पाहा हा जाड्या!" "ए भाऊ, मागं पाहा, मागं!" आणि शेवटचं रीळ लागलं. आई चहा करते आहे. मी भोंगा तोंडाला लावला. म्हणायचं होतं — ऐका, आजवर मी खोटं सांगितलं.

आवाज निघेना. पत्र्याची चव जिभेवर. पडद्यावर तो हात वर करतो, आईकडे बघतो… आणि मी गप्प! पहिल्यांदाच तंबूत माझा आवाज नाही. फक्त मशीनची घरघर.

मग घंटा वाजली. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "सुटला!" मग दुसरा. मग सगळा तंबू — "सुटला! सुटला! आपल्या पायानं आला म्हणून सुटला!" म्हातारे, पोरं, बाया. माझेच शब्द, माझ्याच चालीवर! मी भोंग्यातून ओरडलो, "नाही! ऐका —" कोण ऐकतं? टाळ्यांत गेलं सगळं.

उजेड झाला तेव्हा दोघं गेली होती.

आज सकाळी तो माझ्या ओसरीवर. आई आत चहा करत होती — माझ्या अंगावर काटाच आला, चहा! मी त्याचा हात धरला. चटका बसला, इतका ताप. हलक्या आवाजात म्हटलं, "लटारू, जाऊ नको. मी खोटं सांगत होतो. त्याला फाशी —"

"ठाऊक हाये, गुर्जी."

"काय ठाऊक आहे?"

"मी पहिल्या दिवशी आल्तो ना. पडद्याच्या मागं बसलो होतो. मायले कुठी दुरून पाहाव म्हणून जत्रेत आल्तो, ते भेटली नाई, मंग खेळाले बसलो. उलटं दिसे सगळं, पण तुमचं बोलणं सुलटंच ऐकू ये." हसला. ओठ फुटलेले. "त्या दिवशी तुमी फाशी म्हटलं. ढेकूल मीबी फेकलं."

"मग का जातोस?"

"मायनं आणलं म्हणून. तिले वाटते का मी सुटतो. दोन रात्री झोप लागली म्हणते! तिले काई सांगजा नोका, गुर्जी. तिले तुमचा दुसरावालाच खेळ राहू द्या."

आतून ती आली. कपबशी त्याच्या हातात दिली. चहा पिऊन झाल्यावर त्याने खिशातून फणी काढली — शपथ! — आणि माझ्या भिंतीवरच्या आरशात केस विंचरले. मग चालत गेला. ती बाजूने. मी फाटकाशी.

निघाला असा चोर… पुढचं आठवत नाही.


२६ एप्रिल, गुरुवार

तंबू उठला. जागेवर फक्त खुंट्यांची भोकं. भैयाजी भोंगा मला ठेवून गेला. "आठवण म्हणून." तो कोपऱ्यात उपडा ठेवला आहे. त्याच्याकडे पाहवत नाही.


२९ एप्रिल, रविवार

मुनीमजी बोलला! पाणी मागितलं, मग पेज. मग म्हणे विचारलं, "तो लटारू कुठी हाये साला?" फौजदार स्वतः सांगायला आले. म्हणाले, आता काही वर्षं, जास्त नाही. लटारूलाही ठाण्यातून दवाखान्यात नेलं, ताप उतरतो आहे. दोघं एकाच दवाखान्यात! मुनीमजीची बायको म्हणे त्याच्याकडे पाहून थुंकली, आणि संध्याकाळी उरलेली पेज पाठवली.

रडलो. म्हाताऱ्या माणसाने रडावं तसं, उपरण्यात तोंड घालून.

माझं खोटं खरं झालं म्हणायचं का? नाही. खोटं खोटंच. पण एक आई दोन रात्री झोपली, ती माझ्या खोट्यावर. आणि तिचा पोरगा सगळं माहीत असून गेला. मला एकट्याला हे ठाऊक. आता ते माझ्याबरोबरच जाईल. बरं वाटतं आहे. खूप दिवसांनी एक कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली — मोठ्याने, भिंतींना.


२ मे, बुधवार

सुगंधाबाई आज भाकरी थापता थापता म्हणाली, "मास्तर, आता मुनीमजी उठला म्हणून सांगतो. खुशीत कोणी डोकं उघडं करते का? मयतीतच करतेत. आन् त्याची माय — पोरगा सुटला असता तं तोंड झाकून उभी राह्यली असती का? मी पहिल्यांदा खेळ पाह्यला तवाच समजलो. पण तिकडं एकटा तापानं मेला असता, तं मले कोणी सांगाले बी आलं नसतं. इथी निदान भेटाले जाता येते. त्याले सांगजा नोका. त्याले वाटू द्या, मायले काई समजत नाई."

भाकरी फुगली. तिने ती माझ्या ताटात टाकली.

मी मान डोलावली.